फोटोखालचा एक शब्द

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या आत, मी एकसष्ट नोंदींमधला एक शब्द एका झटक्यात बदलून टाकला. मोठं चांगलं काम हातून झालं असं मला वाटलं होतं. दुपारपर्यंत ते सगळं मागं घ्यावं लागलं. का घ्यावं लागलं, ते लिहून ठेवायचं तेव्हापासून मनात आहे.

मी मूळची इचलकरंजीची. अकरा वर्षं झाली, वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये जुन्या फोटोंच्या एका संग्रहात नोंदणीचं काम करते. काचेच्या निगेटिव्ह, त्यांवरून काढलेल्या प्रती, जुनी छापील चित्रं स्कॅन होऊन माझ्याकडे येतात. कोण आहे, कुठलं आहे, कधीचं आहे, कुणी टिपलं, हे तपासून खालची ओळ मी लिहिते. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत खरडलेली ओळ बहुतेक वेळा तशीच पुढं पुढं उतरत आलेली असते. त्यांत काही शब्द असे असतात की ज्यांच्या पणजोबा-पणजीबद्दल ते लिहिलेत, त्या माणसांनी ते वाचले तर मान खाली जावी. त्या आठवड्यातला तसा शब्द होता ‘बर्दाश’.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अनेक समाजांत पुरुषाचा देह घेऊन जन्मलेली, पण बाईचा पोशाख करणारी, बायकांची कामं करणारी माणसं होती. काही समाजांत उलटंही होतं. प्रत्येक समाजात त्यांना आपापलं नाव होतं आणि पुष्कळ ठिकाणी मानाची जागा होती. लाकोटांत विंक्ते, क्रो लोकांत बाते, नवाहोंत नाद्लेही. बाहेरून आलेल्यांनी या सगळ्यांना मिळून एकच शब्द लावला. तो फ्रेंचांनी इकडं आणला. फ्रेंचमध्ये तो इटालियनमधून आला, तिथं अरबीतून, आणि मूळ फारसी ‘बर्दा’, म्हणजे पकडून आणलेला गुलाम. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी हैदराबादची आहे. तिनं ऐकलं आणि लगेच विचारलं, “बर्दाफरोशीतला बर्दा?” माणसांच्या खरेदी-विक्रीला उर्दूत अजून तेच म्हणतात. युरोपात पोचेपर्यंत त्याचा अर्थ आणखी घाण झाला होता.

म्हणून मी तो काढला. त्याच्या जागी ‘टू-स्पिरिट’ घातला. हा शब्द १९९० साली कॅनडात विनिपेगला भरलेल्या एका मेळाव्यात मूळ रहिवाशांनी स्वतःच निवडलेला. त्यांचा त्यांनी निवडलेला शब्द, मग यात चूक काय असणार? शोधा आणि बदला. एकसष्ट नोंदी, दोन मिनिटं.

त्या एकसष्टांत काय काय होतं ते सांगते. सोळाव्या शतकाच्या शेवटी युरोपात छापलेलं एक चित्र होतं. १५१३ साली पनामाच्या प्रदेशात बाल्बोआ या स्पॅनिश सरदारानं बायकांसारखे राहतात म्हणून चाळीसेक माणसं शिकारी कुत्र्यांपुढं टाकली, त्या प्रसंगाचं. मागं स्पॅनिश लोक ऐटीत उभे आहेत आणि पुढं कुत्री माणसं फाडताहेत. ते चित्र मी मोठं करून बघू शकले नाही. तारीख तपासली आणि पुढं गेले.

मग मोंटानातल्या क्रो लोकांचे फोटो. त्यांच्यातली ओश-तिश ही बाते चामड्याचे मोठे तंबू शिवण्यात नावाजलेली होती, आणि १८७६ सालच्या रोजबडच्या लढाईत लढलीही होती. क्रोंचे इतिहासकार जो मेडिसिन क्रो यांनी एक हकिगत सांगून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारी एजंटानं सगळ्या बातेंना कोंडलं, त्यांचे केस कापले, पुरुषाचे कपडे चढवले आणि कचेरीच्या आवारात झाडं लावायच्या कामाला जुंपलं. लोक इतके संतापले की त्यांचा मुखिया प्रीटी ईगल उठून कचेरीत गेला आणि एजंटाला म्हणाला, इथून चालते व्हा. त्याआधी, १८८९ साली, तिथल्याच सरकारी डॉक्टरानं वैद्यकीय मासिकात या लोकांबद्दल लेख छापला होता. शीर्षकातच ‘विकृती’ होती.

आणि बारा-तेरा नोंदी एकाच माणसाच्या. वेवा. न्यू मेक्सिकोतल्या झुनी गावची.

अकरा वाजता झुनीतल्या एका ज्येष्ठ बाईंशी व्हिडिओवर बोलणं ठरलेलं होतं. जुन्या फोटोंतल्या विधींबद्दल आणि नावांबद्दल त्या आम्हाला सल्ला देतात. कुठला फोटो लोकांसमोर ठेवायचा नाही तेही त्याच सांगतात. मी बदललेली ओळ उत्साहानं वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हा शब्द चांगला आहे. आमची तरुण पोरं वापरतात. पण वेवा १८९६ साली गेली. तिनं हा कधी ऐकलेला नाही.”

मी म्हटलं, जुना शब्द अपमानाचा होता म्हणून बदलला.

“तो बाहेरच्यांनी सगळ्यांना एकसारखा चिकटवला होता. तुम्ही आज सकाळी काय केलंत?”

आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. मला मात्र खुर्चीत बसवेना. क्रो, लाकोटा, झुनी, पनामाच्या प्रदेशात मारली गेलेली ती चाळीस माणसं, ज्यांचा स्वतःचा शब्द कुठला होता तेसुद्धा माझ्या कागदावर नव्हतं, सगळ्यांवर मी दोन मिनिटांत एकच पाटी लावली होती.

“आमचा शब्द आहे,” त्या म्हणाल्या आणि उच्चारून दाखवला. लिहिताना इंग्रजीत एल आणि एच घालतात. जीभ ‘ल’साठी लावायची आणि कडेनं नुसती हवा सोडायची. इकडचे सहकारी तिथं अडखळतात. मी म्हटलं, ल्हामाना. कोल्हापूरच्या ‘ल्ह’नं म्हटलं. त्या हसल्या, म्हणाल्या, बरंच जवळ आलात. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या एका देवतेचं नावही त्यावरूनच आहे, कोल्हामाना, आणि विधींत तिचं सोंग वेवा घेत असे. देवांतसुद्धा ल्हामाना आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वेवाबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म १८४९ च्या सुमाराचा. मातीची भांडी घडवणं आणि विणकाम, दोन्हींत हात पक्का. मटिल्डा कॉक्स स्टीव्हनसन या अभ्यासक बाईंशी तिची मैत्री झाली आणि १८८६ साली ती त्यांच्याबरोबर वॉशिंग्टनला येऊन सहा महिने राहिली. संग्रहालयात माग लावून विणून दाखवायची. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडना भेटली. वर्तमानपत्रं तिला झुनी राजकन्या म्हणत होती आणि ती बाई म्हणून जन्मली नाही हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. याच शहरातून तीन वर्षांपूर्वी, १८८३ साली, नियमावली निघाली होती. मूळ रहिवाशांची पवित्र नृत्यं आणि त्यांच्या वैदूंचे उपचार त्या नियमावलीनं गुन्हा ठरवले होते. बंगल्यांतल्या मेजवान्यांना राजकन्या चालत होती. तिच्या गावचा नाच चालत नव्हता. पुढं १८९२ साली झुनीच्या मुखियाला पकडायला सैनिक आले तेव्हा ती त्यांच्या अंगावर गेली आणि महिनाभर तुरुंगात राहिली. झुनीतली सर्वांत उंच आणि नक्कीच सर्वांत बळकट व्यक्ती, असं स्टीव्हनसनबाईंनी लिहून ठेवलं आहे. खरं कळल्यावरही त्या शेवटपर्यंत तिला ‘ती’च लिहीत राहिल्या, आपल्याला आपल्या मैत्रिणीचा दुसरा विचारच करता येत नाही म्हणून. ती गेली तेव्हा घरच्यांनी अंघोळ घालून तिला बायकांचा चांगला पोशाख केला, आणि त्यासोबत पांढऱ्या सुती कापडाची विजारही चढवली. बायकांचा वेष घेतल्यापासून अंगाला लागलेलं पुरुषाचं पहिलं वस्त्र. दोन्ही घेऊन ती मातीत गेली.

झुनी भाषेच्या सर्वनामांत तो-ती नाही. आपल्या मराठीत क्रियापद लिहायला घेतलं की ठरवावंच लागतं, आली की आला. त्या बाई इंग्रजी बोलताना ‘शी’ म्हणत होत्या, म्हणून मीही ‘ती’ लिहिते आहे.

बोलणं संपल्यावर मी चहा घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि मला आमचं दार आठवलं. श्रावणात, नाहीतर सौंदत्तीच्या यात्रेच्या आगंमागं, यल्लम्माचा जोगता यायचा. हिरवं लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, हातात परडी. त्याच्या हनुवटीवर दाढीची खुंटं दिसायची आणि मी बघत राहायचे. आजी आतूनच ओरडायची, “आई आलीया बघ दारात, सुपात जुंधळं घिऊन ये.” आई म्हणायची ती त्याला. पाया पडायची. तो की ती, हा प्रश्न मी तिला एकदा विचारला होता. ती म्हणाली, “यल्लम्माची हाय.” पुढं काही सांगावं असं तिला वाटलंच नाही.

इंग्रजांना मात्र वाटलं. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग अशा माणसांसाठीच होता. उत्तर हिंदुस्थानात तो राबवला. हिजडे, खोजे, कोण कुठल्या देवाचं, कोण कुणाच्या घराण्यातलं, सगळं पुसून कायद्यात एकच शब्द, ‘यूनक’. म्हणजे कोण? जो स्वतः कबूल करील किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसेल तो नपुंसक पुरुष. संशयितांची नावं, पत्ते, मालमत्ता नोंदवून ठेवायची. नोंद झालेला माणूस रस्त्यावर बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत दिसला, गाताना-नाचताना सापडला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही. माझ्यासारखाच कुणीतरी नोंदणी कारकून ती रजिस्टरं भरत बसला असणार, रकाना रकान्याखाली. हा विचार मला त्या दिवशी सहन झाला नाही, आणि आजही होत नाही.

दीडपर्यंत मी सगळ्या नोंदी मागं घेतल्या. मग एकेक उघडली. जिथं समाजाचा स्वतःचा शब्द ठाऊक होता तिथं तो घातला. जिथं नव्हता तिथं फक्त माणसाचं नाव आणि काम लिहिलं. जुनी ओळ पुसली नाही, ती कुणी आणि कधी लिहिली या टिपणासह खाली ठेवली, म्हणजे काय केलं गेलं ते दिसेल. पनामाच्या चित्राखाली किती माणसं मारली ते लिहिलं आणि त्यांच्यासाठी कुठलाही शब्द घातला नाही. दोन मिनिटांच्या कामाला अडीच दिवस लागले. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी कारण सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

त्या मंगळवारीच दुपारी झुनीतल्या त्या बाईंचा मेल आला. त्यांची भाची कमरेचे पट्टे विणते. वेवाचा पट्टा विणतानाचा जो फोटो आहे, हिलर्स या छायाचित्रकारानं टिपलेला, त्यात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजता येतील का?

यंत्रमागाच्या खोलीत वाढलेल्या मुलीला हे विचारायची गरज नव्हती. आमच्या आईनं जन्मभर कांड्या भरल्या. वडील दर पाळीला भिंग लावून कापडाचं रीड-पिक, म्हणजे इंचातले उभे-आडवे धागे, मोजायचे आणि मी शेजारी उभी राहून आकडा पाठ करायचे. मी फोटो चारशे टक्क्यांवर नेला. काचेच्या निगेटिव्हची धार विलक्षण असते, सव्वाशेहून अधिक वर्षांनीही एकेक धागा सुटा दिसतो. हा कमरेचा माग. ताण्याचं एक टोक समोर अडकवायचं, दुसरं विणणारीच्या कमरेला, आणि ताण द्यायचा तो आपल्या अंगानं मागं रेलून. आमच्याकडे बीमला वजनं लावतात, इथं वजन तिचं स्वतःचं. गडद धागे, फिके धागे, मग पुन्हा गडद. मी टाचणीच्या टोकानं पडद्यावर एकेक धरत मोजत गेले, तीनदा मोजलं, दोनदा आकडा जुळला.

डाव्या कडेला तिच्या हाताची सावली पडली आहे. तिथले धागे एकमेकांत मिसळलेत. भाचीला पाठवलेल्या कागदावर मी रंगांचा क्रम लिहिला आणि सावलीपाशी रेघ मारून थांबले. तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, तिथले किती असतील ते तिला ठाऊक आहे.