आमची वाटचाल: रेडिओ दुरुस्तीपासून सड्यावरच्या मास्टपर्यंत

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान काढलं ते रेडिओ दुरुस्तीचं. रेडिओला पोस्टात लायसन्स भरावं लागायचं तो काळ. बुधवारी दुपारी दुकानात जास्त गर्दी असायची, कारण रात्री आठला रेडिओ सिलोनवर गीतमाला, हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम. 1977 साली रत्नागिरी आकाशवाणी 1143 किलोहर्ट्झवर सुरू झाली आणि गिऱ्हाइकांची मागणी बदलली. सेट कुठलाही असो, ‘अण्णा, रत्नागिरी लागली पाहिजे’ एवढंच. मग अण्णा फेराइटच्या दांड्यावरची कॉइल केसभर सरकवायचे, आवाज भरला की वरून मेणबत्तीचे चार थेंब टाकून तिथेच बसवायचे. मेण घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, असा दुकानाचा नियम होता.

टीव्ही आणि कॅसेटनी तो धंदा खाल्ला. पुढची बरीच वर्षं आम्ही माइक-भोंग्यांवर काढली. शिमगा, पूजा, निवडणुका. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. पैसे मात्र त्यातच मिळाले.

2006 साली सरकारने सामुदायिक रेडिओ, म्हणजे आसपासच्या लोकांपुरतं छोटं एफएम केंद्र, स्वयंसेवी संस्थांना खुला केला. त्याआधी तो फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग या अशाच केंद्राचं नाव कानावर आल्यावर आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेनेही मनावर घेतलं. परवाना संस्थेचा, जागा शोधणं, मास्ट (अँटेनाचा उंच खांब) उभारणं, स्टुडिओ बसवणं आणि पुढची देखभाल आमच्याकडे. दिल्लीच्या कागदपत्रांना एवढा वेळ लागला की अर्ज लिहिणारा मुलगा मधल्या काळात मुंबईला नोकरीला लागला.

खरी मेहनत जागेची होती. असल्या केंद्राला सहसा 100 वॅटपर्यंतच शक्ती मिळते, आणि अँटेना जमिनीपासून 30 मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. आमचं गाव सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, बंदर आणि खाडीकडच्या वाड्या खाली. मीडियम वेव्ह, ज्यावर रत्नागिरी आकाशवाणी लागायची, ती जमिनीलगत, समुद्रावरून लांब जाते. एफएमचं तसं नाही, मध्ये डोंगर आला की पलीकडे आवाज मेला. संस्थेला मास्ट स्वतःच्या इमारतीवर, बाजारपेठेत हवा होता. तिथून बाजारपेठेला उत्तम ऐकू गेलं असतं, पण बाजारपेठेला रेडिओची गरजच काय? आणि परवान्याआधी ट्रान्समीटर लावून बघायची सोय नाही.

मग अमावास्येच्या सुमारास सड्याच्या कडेला लांब बांबू उभा केला आणि त्यावर हॅलोजन बांधला. दिवा दिसतो तिथे एफएम पोचतो, हा आमचा ठोकताळा. खाली वाड्यावाड्यांत माणसं उभी करून फोनवर विचारत बसलो. बंदरावरून एक तात्या म्हणाले, ‘दिसतोय रे, पण अर्धाच. मध्ये माड आहे.’ बांबू दक्षिणेला थोडा सरकवला. खाडीच्या आतल्या दोन वाड्यांतून दिवा शेवटपर्यंत दिसला नाही, तिथे आजही खरखरच आहे. संस्थेच्या लोकांना बाजारपेठेतल्या गच्चीवर नेऊन तोच दिवा तिथे लावून दाखवला. बंदरावर काळोख. वाद तिथेच मिटला.

जांभ्यात अर्थिंग लागत नाही. खड्डा खोल घेऊन कोळसा-मीठ भरलं, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं काम अजून चालू आहे. खाऱ्या वाऱ्याचं तर विचारूच नका. शहरातल्या एका पुरवठादाराने ‘स्टेनलेस’ म्हणून दिलेले क्लॅम्प पहिल्याच पावसाळ्यात तांबडे झाले. कोॲक्सच्या, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या, जोडात ओल शिरली की आतलं तांबं हिरवं पडतं आणि ट्रान्समीटर गरम होऊ लागतो. त्यामुळे दर मे महिन्यात सगळे जोड उघडून, पुसून नव्याने टेप करतो. स्टुडिओला काथ्याच्या चटया आणि जुन्या गोधड्या लावल्या, त्या छान चालल्या. वर मात्र पत्रा होता. जुलैत मुलाखत घ्यायची तर पाऊस उघडायची वाट बघत बसा. शेवटी पत्र्याखाली वेगळं छत घातलं.

सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. पण हवामान, रस्ते, वीज-पाणी, परीक्षा-प्रवेश, सण-जत्रा हे बातम्यांत धरत नाहीत, आणि आमच्याकडे लोकांना नेमकं तेच हवं असतं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त ऐकला गेलेला कार्यक्रम म्हणजे सकाळी कुठली एसटी रद्द आणि दिवसा लाइट कुठे जाणार. नाट्यवाचनाला कुणी फारसं विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. ताणाच्या तारा आदल्या दिवशी आवळल्या होत्या, मास्ट टिकला. जनरेटरवर सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ केंद्र चालवलं. कुठला रस्ता मोकळा झाला, रेशन कुठे येतंय, एवढंच सांगायचं. त्या दिवसांत माळ्यावरचे ट्रान्झिस्टर दुकानात परत येऊ लागले. सेलच्या टोकांवरचा गंज खरवडून दिला की बहुतेक बोलायला लागायचे. पैसे घेतले नाहीत.

आता दुकान मुलगी बघते. जाहिराती ध्वनिमुद्रित करायचं काम तिने वाढवलं. 2024 पासून तासाला 12 मिनिटं जाहिराती चालतात, पूर्वी 7 होती, त्यामुळे केंद्राचा वीजखर्च निघतो. दर सांगितला की आंबेवाले ‘पेटी घे त्याऐवजी’ म्हणतात, आणि सीझनला ती घेतेही. माझं भांडण मोबाइलवाल्यांशी आहे: नव्या पुष्कळ फोनांत एफएमच देत नाहीत. म्हणून दुकानात सेलवर चालणारे छोटे रेडिओ ठेवतो. नफा नगण्य. होडीवाले दोन-दोन नेतात, एक घरी, एक होडीत.