फिट, पण गेटच्या बाहेर

अकरा दिवस आमच्या हेल्परच्या खिशात 'फिट' लिहिलेला कागद होता आणि तरी पोरगं खोलीवर बसून होतं.

मी चाकणला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. पावसाळ्यात पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोकाचं पेर गेलं. ऑपरेशन, ड्रेसिंग, टाके, सगळं ईएसआयमधून (कामगारांच्या सरकारी विम्यातून) नीट झालं. सुट्टीचे पैसेही पगाराच्या ९० टक्क्यांनी खात्यात आले. (आजारपणाचे ७० टक्केच मिळतात, म्हणून कंपनीने अपघाताचा रिपोर्ट २४ तासांत भरलाय ना, हे आधी बघा.)

गाडी अडली ती फिट झाल्यावर. दवाखान्याने फिट लिहिलं की त्या दिवसापासून ते पैसे बंद. आमचे एचआर म्हणाले, "लाइट वर्क लिहून आणा, उद्या परत काही झालं तर?" दवाखान्यात खिडकीवर उत्तर मिळालं, "फिट किंवा अनफिट. लाइट वर्कचा रकानाच नाही." परत गेटवर आलो, परत दवाखान्यात गेलो. एकदा तर दीड तास बाकावर बसल्यावर कळलं, डॉक्टर दुसऱ्या दवाखान्याच्या ड्युटीवर आहेत. हे सकाळीच सांगायला काय जात होतं?

तिसऱ्या खेपेला पोरगं म्हणालं, "मामा, फिट लिहिलंय ना? बसतो मी प्रेसवरच." आदल्या दिवशी शॉपमध्ये भेटायला आला, तेव्हा प्रत्येक ठोक्याला त्याचा हात आपोआप छातीशी जात होता. मी त्याच्यावर ओरडलो. राग त्याच्यावर नव्हता.

त्या रात्री डोक्यात आलं, डॉक्टरांना काय माहीत आमच्याकडे कुठलं काम असतं? लेटरहेडवर लिहून काढलं. देऊ शकतो ती कामं: गेज लावून पार्ट तपासणं, टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या खोलीत) देवघेव, चलन लिहिणं. देणार नाही ती: प्रेस, ग्राइंडर, जड क्रेट उचलणं. एचआरच्या सहीला दोन दिवस गेले, ते वेगळंच. डॉक्टरांनी कागद वाचला, त्याला दोन प्रश्न विचारले, खाली दोन ओळी लिहून शिक्का मारला. दहा मिनिटं!

हा कागद फिट होण्याच्या आठवडाभर आधीच न्यायला हवा होता, म्हणजे मधले दिवस बिनपगारी गेले नसते. एक्स-रेची झेरॉक्स नीट येत नाही, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि कामावर घेतलं म्हणून कायमच्या अपंगत्वाचा हक्क जात नाही. त्याची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं. तर्जनीच्या एका पेराला कायद्याच्या तक्त्यात ९ टक्के आहेत.

आता तो तपासणीच्या टेबलावर असतो. गेज अंगठा आणि मधल्या बोटात धरतो. बोर्डाची तारीख यायचीय, फाइल माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.