मायनस ५१२ सापडला! (उलट्या रंगांचा बग, पुढचा अपडेट)

माझ्या घड्याळाच्या स्क्रीनचे रंग अधूनमधून उलटे करणारा बग सापडला एकदाचा! रविवारी दुपारी ट्रेसमध्ये (ड्रायव्हरच्या कामाच्या नोंदीत) एक ओळ दिसली, वेटची, म्हणजे काम संपेपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनची, रिटर्न व्हॅल्यू मायनस ५१२, आणि तेव्हापासून मी हवेत आहे.

सेटअप तोच, रास्पबेरी पाय, आयएलआय ९३४१ चिपचा ३२० बाय २४० डिस्प्ले पॅनल, मिनिटाला एकदा पूर्ण स्क्रीन काढणारं घड्याळ आणि माझा स्वतः लिहिलेला डीआरएम (लिनक्सची ग्राफिक्स यंत्रणा) ड्रायव्हर. आठवड्यातून एखाद वेळेस रंग निगेटिव्ह व्हायचे, कधी फक्त आठच रंग उरायचे, दोनदा डिस्प्लेच बंद पडला. काळ्या थीमवर मात्र जवळजवळ कधीच काही नाही. हे मी मागे लिहिलं होतं पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता.

सगळा वेळ खाल्ला तो प्रिंट-केने, म्हणजे कर्नलमधून लॉग छापायच्या फंक्शनने. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता पिक्सेल पाठवणं) सुरू केल्यावर आणि वेट करायच्या आधी मी सहा ओळी टाकल्या होत्या, आणि बग गायब, तीन आठवडे एकदाही नाही! ओळी काढल्या की चार दिवसांत परत हजर. शेवटी कागदावर हिशोब केला. सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडवर, म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ जायला साधारण ७ मिलिसेकंद, सहा ओळींना ४२. आणि एका फ्रेमचे १,५३,६०० बाइट पॅनलकडे जाणाऱ्या ३२ मेगाहर्ट्झच्या एसपीआय सिरियल बसवर जायला ३८. म्हणजे लॉग छापून होईपर्यंत डीएमए संपलेला असायचा आणि वेटला वाट बघायला काही उरायचंच नाही. माझा लॉगच बग झाकत होता.

मग प्रिंट-केऐवजी ट्रेस-प्रिंट-के. मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितो, कन्सोलच्या नादी लागत नाही, जुनं आपोआप पुसलं जातं. फक्त बग आला की लगेच ट्रेसिंग थांबवायला हवं, आणि मी काही दिवसभर घड्याळासमोर बसून राहणार नाही. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलडीआरचं (उजेड ओळखणाऱ्या सेन्सरचं) मॉड्यूल आणलं, तेच निळ्या पॉटवालं, स्क्रीनच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन काढला आणि त्यावर काळ्या टेपने चिकटवलं. चौकोन काळा पडला की स्क्रिप्ट ट्रेसिंग बंद करते. हे पहिल्याच फटक्यात चाललं, फार बरं वाटलं.

मायनस ५१२ म्हणजे सिग्नल आल्यामुळे वेट अर्ध्यात सुटला. सिग्नलचे इव्हेंट चालू केले तर १७ नंबर, सिग-चाइल्ड, म्हणजे प्रोग्रामने चालवलेलं दुसरं काम संपल्याची सूचना. घड्याळाचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी तापमान आणायला एक स्क्रिप्ट चालवतो, ती नेमकी फ्रेम जात असताना संपली की झालं. मी रिटर्न व्हॅल्यू बघतच नव्हतो, कंपायलरनेही हूं की चूं केलं नाही, आणि पुढचा नॉप (काहीच न करणारी कमांड) पाठवायला डीसी पिन (वर असली की डेटा, खाली असली की कमांड) खाली ओढत होतो, तिकडे अर्धी फ्रेम अजून वायरवर. मग उरलेले पिक्सेल पॅनलला कमांड वाटणार! आरजीबी ५६५ (दोन बाइटांत एक रंग) मधला गडद राखाडी म्हणजे हेक्स २१०४, आणि २१ ही रंग उलटे करायची कमांड. त्याहून थोडा उजळ राखाडी ३९सी७, ३९ म्हणजे आठ रंगांचा आयडल मोड. काळा म्हणजे शून्य शून्य, म्हणजे नॉप, म्हणून काळ्या थीमवर काही व्हायचं नाही. अंकांच्या कडांचे मऊ राखाडी पिक्सेल मला त्रास देत होते.

खात्रीसाठी आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर (पिन वर-खाली होताना टिपणारं यंत्र) लावला. २४ मेगाहर्ट्झवर त्याला एसपीआयचं क्लॉक काही दिसत नाही, पण डीसी आणि सीएस (पॅनलशी बोलणं चालू असेपर्यंत खाली राहणारी पिन) बघायला पुरतो, आणि सीएस खाली असतानाच डीसी पडताना स्वच्छ दिसला. महागडा घ्यायची गरज नाही असं माझं ठाम मत झालंय. आता सलग रीड्रॉ आणि सिग्नलचा लूप चालवला की दोन मिनिटांत बग हजर.

फिक्स म्हणून इंटरप्टिबल (सिग्नल आला की सुटणारा) वेट काढून टाइमआउटवाला टाकणार होतो, पण हे टाइप करतानाच लक्षात आलं की टाइमआउट झाला आणि परत रिटर्न बघितला नाही तर तेच होणार. डीसी पिन हलवायचं कामच कम्प्लीशन कॉलबॅकमध्ये न्यावं का? तिथे डीएमए संपलाय हे नक्की असतं. आज रात्री तसं लिहितो, सिग्नलचा लूप रात्रभर चालू ठेवतो, आणि एलडीआर तिथेच राहू देतो.