परत हीच, म्हणाले

एवढ्या लवकर हो म्हणायची काही गरज नव्हती.

विचारणारा भाचा होता, कुणी आडत्या नव्हता. बस म्हणता आलं असतं, आधी चहा घे म्हणता आलं असतं. पण त्यानं "मामा, परत घ्यायची झाली तर हीच पिकअप घ्याल का?" असं विचारलं आणि ह्यांनी ताडपत्रीची घडी घालता घालता, मान वर न करता सांगून टाकलं, "हीच. डोळे झाकून हीच." मी तांब्या-पेला घेऊन शेजारीच उभी होते. भाच्यानं पाणी घेतलं, "मामी, मग ठरलं माझं" म्हणाला आणि गेलासुद्धा.

तेव्हापासून पोटात काहीतरी अडकल्यासारखं झालंय. राग म्हणावा तर राग नाही. ते खोटं बोलले असंही नाही, त्यांना तसंच वाटतं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांचं उत्तर द्यायला माणसानं निदान एकदा थांबावं. एकदा माझ्याकडे बघावं. तेवढंच.

2018 च्या पाडव्याला गाडी दारात आली. आरसीवर नाव ह्यांचं. डाऊन पेमेंटला जे पैसे गेले त्यातले बरेच बचत गटाच्या कर्जातले, आणि ते कर्ज माझ्या नावावर. पाटल्यांचं मी काढत नाही. फायनान्सवाल्याचा हप्ता थकला की ह्यांना फोन यायचा, ते गाडी चालवतोय म्हणून ठेवून द्यायचे. गटाचा हप्ता मिटिंगमध्ये भरायचा असतो, सगळ्या बायांच्या समोर सतरंजीवर बसून. थकला की कुणी काही बोलत नाही, नुसतं सचिवबाई वहीत बघतात आणि पुढचं नाव घेतात. तो फोन नव्हे, की ठेवून द्यावा.

गाडीचा हिशेबही माझ्याकडेच. डिझेल, टोल, हमाली, पंक्चर, ग्रीसिंग, ऑईल, इन्शुरन्स. ह्यांना गाडी हाताला कळते, मला वहीतून कळते. कापूस-सोयाबीनचे दिवस आले की जमेची बाजू भरत जाते. मोसंबी निघाली की जालन्याच्या मोंढ्याची भाडी लागतात. आणि मग उन्हाळा येतो. उन्हाळ्यात नुसती खर्चाची बाजू. हप्त्याला उन्हाळा-पावसाळा नसतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर मला वाटलं होतं, आता सुटलो. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना सवलत दिली होती, मार्चपासून मे, मग ती ऑगस्टपर्यंत वाढवली. हे म्हणाले, बघ, सरकारलाही कळतं. हप्ते थांबले, व्याज थांबलं नव्हतं. नंतर कागद आला तेव्हा मुदत वाढलेली होती. ते वाढलेले महिने कुणी भरले, कुठून भरले, हे वहीत आहे. आणि भाच्याला उत्तर देताना ह्यांना वही आठवली नाही.

मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते?

दुपारभर हेच चाललंय. भाकरी करताना मनातल्या मनात भाच्याला उत्तरं देते. कधी म्हणते, नको रे बाबा, छोटा हत्ती घे, कमी माल, कमी भाडं, पण रात्री झोप तरी लागेल. मग वाटतं, तेही खरं नाही. तुमच्या शिवारात पाऊस पडला की काळ्या मातीत ते छोटं चाक काय करणार?

गाडीला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, ही खरी अडचण आहे. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. मागचे स्प्रिंगचे पाटे असे आहेत की रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उडते, पाठीचा कणा मोजून घ्यावा लागतो, आणि माल भरला की तीच गाडी शांत होते, रस्ता धरते. ती बनवलीच आहे ओझ्यासाठी. भाच्याला ती हायलक्स आवडते, मोबाईलवर दाखवत असतो, पाच माणसं बसायची आणि मागे हौदा. 2022 पासून आपल्याकडेही मिळते. ती हौसेची गाडी. ती घेणाऱ्याला परत घेणार का विचारलं तर तो सीटबद्दल बोलेल, किती झटकन पळते ते बोलेल, घरातल्या माणसांना आवडते का ते सांगेल. आमच्यासारख्याला विचारलं तर एकच, भाडं मिळालं का आणि वाटेत बंद पडली का.

बंद पडली नाही असं नाही. क्लच प्लेट गेली ती ऐन मोसंबीत. शहरातल्या वर्कशॉपवाल्यानं आज देतो, उद्या देतो करत आठवडा घालवला. तोवर दुसऱ्याच्या गाडीला भाडं देऊन माल पोचवला. पण त्यात गाडीचा काय दोष? कागदावर माल ठरलेला, आणि व्यापारी हौद्याच्या वर फळ्या लावून भरायला सांगतो. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याची गाडी बोलावतो. कायद्यात जादा मालाला 20,000 रुपये दंड लिहिलाय, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तो दंड व्यापाऱ्याच्या वहीत जात नाही, माझ्या वहीत येतो.

हे भाच्याला कुणी सांगितलं? हीच घे म्हणताना हे सगळं सांगायला नको?

आणि एक गोष्ट ह्यांच्याही लक्षात आली नाही. भाचा आता जी आणेल ती आमची गाडी नव्हेच. आमची बीएस फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमाची. 1 एप्रिल 2020 पासून नवी गाडी म्हणजे बीएस सिक्सच. नाव तेच, तोंडवळा तसाच, आत बरंच वेगळं. आमच्या गाडीचं कितीतरी काम फाट्यावरचा मिस्त्री अजूनही झाडाखाली उरकतो. नव्या डिझेल गाड्यांना बहुतेक धुराच्या नळीत काजळीची गाळणी असते. गावातल्या गावात, थांबत थांबत चालवली की ती काजळीनं भरत जाते, आणि साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. नाहीतर बोर्डावर दिवा लागतो आणि मिस्त्री हात वर करतो, स्कॅनर लावायला शहरात न्या म्हणतो. धूर कमी झाला हे चांगलंच आहे, गाडीमागून शाळेत चालत जाणारी लेकरं आपलीच आहेत. पण भाचा गाडी चालवणार कुठे? चारा, दुधाचे कॅन, आठवडी बाजार. सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. त्याच्या डोक्यात समृद्धी महामार्ग आहे. जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला, नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत 701 किलोमीटर, आणि तो म्हणतो जालन्याला चढलो की थेट वाशी. वाशीचं भाडं त्याला देणार कोण, हे अजून ठरलेलं नाही.

त्याची घाई मला कळते. सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तेव्हापासून त्याला झोप नाही. लायसनचीही भीती गेली, कारचंच लायसन चालतं. सुप्रीम कोर्टानं 2024 च्या नोव्हेंबरात सांगितलंय, 7,500 किलोच्या आतल्या मालगाडीला वेगळं लागत नाही. सगळी दारं उघडी दिसतात त्याला. मामानं शेवटचं दारही उघडून दिलं.

नवी स्वस्त झाली म्हणजे आमच्या जुनीची किंमतही उतरली, हे कुणी बोलत नाही. आता गाडीला आठ वर्षं होतायत. इथपर्यंत दोन वर्षांनी पासिंग होतं, इथून पुढे दरवर्षी. दरवर्षी रेडियमपासून हेडलाईटपर्यंत सगळं बघायचं. विकायची म्हटली तर आत्ताच विकायला पाहिजे. मी हे गेल्या महिन्यात म्हणाले होते. हे काहीच बोलले नाहीत, बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसले.

लिहिता लिहिता एक आठवलं. लिहावं की नाही कळत नाही.

मागच्या सप्टेंबरात जायकवाडीतून पाणी सोडलं आणि गोदाकाठची गावं हलवायची वेळ आली. शहागडकडून माझ्या मामेबहिणीचा फोन आला तेव्हा पाऊस चालूच होता. ह्यांनी चप्पलही नीट घातली नाही. डिझेल किती आहे एवढंच बघितलं. मी जाऊ नका म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. दिवसभर गाडी पाण्याच्या कडेनं ये-जा करत राहिली. माणसं, म्हाताऱ्या, शेळ्या, धान्याची पोती, एका घरातली शिलाई मशीन. नंतर उंचावरच्या जनावरांना कडबा. त्या दिवसाची भाड्याची नोंद वहीत नाही. मी डिझेलचा आकडा लिहिला आणि समोरची जागा तशीच सोडली. बहिणीची सासू आमच्या ओसरीवर बसून होती, लुगडं ओलं, हातात देवघरातला टाक. ती ह्यांना काही बोलली नाही, गाडीच्या फाळक्याला हात लावून तिनं कपाळाला लावला.

त्या रात्री मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मला चांगलं माहीत आहे. आणि मीही थांबले नसते.

आत्याबाईंना जालन्याला नेलं ती रात्र इथे लिहिणार नाही.

म्हणजे मग मला लागलंय ते नेमकं काय? गाडी परत घेऊ नये असं मला वाटत नाही, एवढं आता कळतंय. मघाशी वाटत होतं. मघाशी तर मी वहीतली सगळी वर्षं काढून बसले होते, कुठल्या वर्षी किती व्याज गेलं त्याची बेरीज करत. ती बेरीज मोठी आहे. पण त्याच वहीत थोरलीची फी आहे, बोअरची मोटार आहे, धाकट्याचं ऑपरेशन आहे, आणि ते पैसे गाडीनंच आणले. खर्चाची बाजू तेवढी वाचून दाखवायची हे बरोबर नाही. ते जमेची बाजू बोलले, इतकंच. त्यांच्यापाशी तीच बाजू होती. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला गाडीनं आणलेलं दिसतं, घरी बसून हिशेब मांडणारीला गाडीनं नेलेलं दिसतं. त्यांनी हो म्हटल्याचं मला दुःख नाही.

मला दुःख आहे ते विचारणाऱ्यानं एकालाच विचारलं त्याचं. आणि भाच्याचं तरी काय? गाडीवर नाव मामाचं, स्टेअरिंगवर हात मामाचा, मग तो मामीला कशाला विचारेल? त्याच्या बायकोलाही उद्या कुणी विचारणार नाही. तिच्या अंगावरचं आत्ताच मोजून झालं असेल.

तिला मी फोन करणार आहे. सांगणार आहे की त्याला रोखू नकोस, पोराच्या अंगात कष्ट आहेत. पण 1.3 टनाची बघा म्हणावं. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या गाडीला परमिट लागत नाही, वर गेलं की ते एक वाढतं. आणि तुझं एक ग्रॅम जरी त्यात जाणार असेल तरी कागदावर तुझं नाव घाल. ते आधी होत असतं. नंतर कुणाला आठवत नाही आणि आपल्याला बोलायला जीभ होत नाही.

आमचं राहिलं ते राहिलं असं मी धरून चालले होते. पण का राहावं? कर्ज फिटलंय. फायनान्सची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म भरून बोजाही उतरवलाय, आरसीवर आता कुणाचा हक्क नाही. पासिंग ह्याच महिन्यात आहे, आरटीओला जायचंच आहे. नावावर करायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात, एजंटाकडे असतात. सकाळी हे निघायच्या आधी सांगणार आहे, येताना दोन्ही घेऊन या, आणि इन्शुरन्सचं नूतनीकरणही आता माझ्याच नावानं करायचं. कशाला म्हणतील. म्हणू देत. मी वही पुढे ठेवीन.