"मॅडम, चुकलं. पुन्हा करू?"

चौथीतला आमचा एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, तो पाडव्याच्या सुमारास परत आला. वाचताना जोडाक्षर आलं की थांबायचा, मान खाली. फळ्यावर किती वेळा गिरवून घेतलं! चुकत मीच होते, सगळ्या वर्गासमोर वाचायला लावत होते.

आज त्याला व्हरांड्यात नेलं, माझा मोबाईल हातात दिला. म्हटलं, "तूच रेकॉर्ड कर, तूच ऐक." मोबाईल कानाला घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकत होता. 'चंद्र'चं 'चंदर' झालेलं त्यालाच कळलं. "मॅडम, चुकलं. पुन्हा करू?" सात वेळा केलं पोराने! सातव्या वेळी 'चंद्र' असा खणखणीत आला की माझेच डोळे भरले.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड असतात. आमच्याकडे रेंज फक्त गेटपाशी, व्हिडिओ अडकतात. रेकॉर्डिंगला मात्र नेट लागत नाही, हे मला इतक्या उशिरा सुचावं!

ते सातवं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. उद्या त्याची आई रानातून आली की घरी जाऊन ऐकवणार आहे.