‘मिसेसना तिकडे जॉब मिळेल ना?’

विचारणारा बहुतेक वेळा नवरा असतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या कंपनीची ऑफर हातात आलेली, व्हिसाचं काम कंपनीची एजन्सी बघतेय, घर मेअरहोवनमध्ये घ्यावं की फेल्डहोवनला यावर खल चाललाय, आणि निघता निघता एक ओळ: ‘ताई, मिसेसना तिकडे जॉब मिळेल ना?’ खाली मिसेसचा रेझ्युमे जोडलेला. मिसेस स्वतः क्वचितच विचारतात. विचारलंच तर थेट विचारतात, ‘तुम्ही मिळालेली नोकरी का सोडलीत?’

दोघांनाही तुकड्यातुकड्याने उत्तरं देऊन मी कंटाळले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

परवानगीचा भाग सोपा. नवरा हायली स्किल्ड मायग्रंट म्हणून, म्हणजे खास कौशल्याच्या नोकरीच्या परवान्यावर आला की बायकोच्या रहिवासी कार्डाच्या मागे छापलेलंच असतं, कुठलंही काम करायला मोकळीक, वेगळं परमिट नको. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एच-फोरवर आहे, म्हणजे एच-वन-बीवर काम करणाऱ्याच्या बायकोच्या व्हिसावर. तिथे २०१५ पासून एच-फोरवाल्या बायकांना काम करता येतं, पण साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच. माझ्या कार्डाचा फोटो बघून ती म्हणाली, ‘तुझं बरंय बाई.’ मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

डिग्रीचंही वाटतं तितकं अवघड नाही. सॉफ्टवेअर, टेस्टिंग, सप्लाय चेन यात इंग्रजीवर भागतं. डॉक्टर किंवा डेंटिस्ट असाल तर आधी चांगली डच, मग परीक्षा, मग रजिस्टरमध्ये नाव, यात वर्षं जातात हे धरून चला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्यात कर्वे रोडवर एका आरसीसी कन्सल्टंटकडे होते, वाकड-बाणेरच्या टॉवर्सचे कॉलम, बीम, स्लॅब. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या डिझाइनचे भारतीय नियम, उशाशी घेऊन झोपायचे म्हणा ना. इथे त्याजागी युरोकोड हे युरोपीय नियम आणि त्यांची डच पुरवणी. ती शिकता येते, लोड शेवटी लोडच. इथे या कामाला सरकारी लायसन्सही लागत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ड्रॉइंगवरच्या टिपा डच, नगरपालिकेशी पत्रव्यवहार डच, आणि साइटवरून फोन करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची डच तर अशी की क्लासमधल्या डचशी तिची ओळखदेखील नसावी.

तरी मला नोकरी मिळाली होती. म्हणून सांगते, रेझ्युमे नंतर पाठवा. आधी धाकट्याची जन्मतारीख कळवा.

इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं. जूनची वाट बघत नाहीत, वाढदिवस झाला की चालू वर्गात जाऊन बसतं. शाळेला फी नसल्यात जमा. चारच्या आधी मात्र पाळणाघर, आणि ते बहुधा दिवसाचे दहा-अकरा तास धरून पैसे लावतं, तुम्ही मूल आठ तास ठेवा नाहीतर सहा. सरकार अनुदान देतं. २०२५ मध्ये तासाला १०.७१ युरोपर्यंतचा दर हिशेबात धरला आणि त्याचा काही टक्के भाग उत्पन्नाप्रमाणे परत दिला. मुख्य अट ही की आईबाप दोघंही कमावते किंवा शिकत असले पाहिजेत. नुसती नोकरी शोधणारी बायको सहसा त्यात बसत नाही. म्हणजे नोकरी नाही तोवर अनुदान नाही, आणि मुलाला ठेवायची सोय नाही तोवर ‘एक तारखेपासून जॉइन व्हाल का’ याला हो म्हणता येत नाही. (याच अनुदानाच्या वसुलीत हजारो पालकांना विनाकारण लबाड ठरवलं गेलं आणि त्यापायी २०२१च्या जानेवारीत इथलं पंतप्रधान मार्क रुटे यांचं सरकार पायउतार झालं. त्यामुळे डच लोकसुद्धा हा फॉर्म भरताना दोनदा विचार करतात. आपण तर परदेशी.)

त्यातून जागा मिळते ती कोणत्या दिवसांची? बुधवार आणि शुक्रवार. कारण बुधवारी बऱ्याच शाळा सव्वाबाराच्या सुमारास सुटतात आणि पुष्कळ डच आया त्या दिवशी काम करत नाहीत. शुक्रवारी बरेच बाप सुट्टी घेतात. सोमवार, मंगळवार, गुरुवारसाठी रांग. मला धाकटीसाठी बुधवार मिळाला आणि त्याच बुधवारी थोरल्याला सव्वाबाराला शाळेतून आणायचं होतं.

‘आजी येतील की!’ हेही ऐकलंय. येतात. एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस, शेंगेन व्हिसावर, मग परत. पुण्यात माझं करिअर सासूबाईंच्या जिवावर उभं होतं हे मी तिथे असताना कुणापुढे कबूल केलं नसतं. खाली त्या, सकाळी पोळ्यांच्या मावशी, दुपारी शाळेची व्हॅन. मी दमायचे, पण मला कधी विचार करावा लागला नाही.

आता नोकरी सोडण्याचं.

छोटं ऑफिस, घरांच्या आणि शेडच्या डिझाइनचं काम. मालक साठीचा, सरळ माणूस. इंटरव्ह्यू इंग्रजीत झाला, भाषा हळूहळू येईल म्हणाला. एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, पहिला महिना प्रोबेशनचा. धाकटी अडीच वर्षांची. खूप थांबून सोमवार-मंगळवारही मिळाले होते, बुधवारी नवरा अर्धा दिवस घरून काम करायचा. सवय व्हावी म्हणून पाळणाघराने तिला आधी दोन-तीनदा थोडा वेळ बोलावलं होतं, मग एकदम पूर्ण दिवस. सोडताना रडायची. सगळ्याच रडतात. पाळणाघराचं अ‍ॅप होतं, त्यावर दुपारी फोटो यायचे. ती कुठे ठोकळ्यांपाशी, कुठे झाडाच्या कुंडीपाशी. रडत नाहीये एवढं बघून मी पुन्हा कॅल्क्युलेशनकडे वळायचे.

एका दुपारी क्लायंटची मीटिंग रद्द झाली आणि मी लवकर गेले. त्यांच्या खोलीला मोठी काच आहे. आत बुटक्या टेबलाभोवती मुलं बसली होती, क्रॅकर आणि सफरचंदाच्या फोडी चालल्या होत्या. हीटर चालू, सगळी पोरं टी-शर्टवर. माझी मुलगी जॅकेट घालून बसली होती. थंडीचं, जाड, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. गाल लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. समोरच्या फोडीला हात लावलेला नव्हता.

पाळणाघरातल्या ताई अगदी प्रेमळ. हसून म्हणाल्या, ‘ती काढूच देत नाही. पहिल्या दिवसापासून. झोपली की आम्ही काढतो, उठल्यावर पुन्हा मागते.’ त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. मूल रडत नाहीये, मूल शांत आहे. ‘शांत’ हे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं. आमच्या घरात ही मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून बोलते.

घरी येताना सायकलवर मागे बसून तिनेच सांगितलं. जॅकेट घालून बसलं की आई येते. तिचं बरोबरच होतं. रोज जॅकेट घातलं की आई दारात असायची.

रात्री मी अ‍ॅपमधले सगळे फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येक फोटोत जॅकेट. मी ते बागेतले समजत होते.

आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, ‘अगं, पोरं रडतातच. तुला बालवाडीत सोडून मी फाटकाबाहेर पाच मिनिटं उभी राहायचे आणि मग बँकेत जायचे. तू काही मेलीस का?’ खरंच की. मला तर त्यातलं काही आठवतही नाही. नवरा म्हणाला, महिनाभर बघू. मी म्हटलं, तू बघ, तू सोड तिला रोज सकाळी. त्यावर आम्ही जे बोललो ते इथे लिहीत नाही.

प्रोबेशनमध्ये दोघांपैकी कुणीही नोटीस न देता थांबू शकतं. मी थांबले. मालक म्हणाला, चारऐवजी तीन दिवस कर, हवं तर दोन कर. मी नाही म्हटलं. इथेच विचारणाऱ्या बायकांचा आवाज चढतो. दोन दिवस का नाही केलंत? इतकी चांगली ऑफर!

पुण्यातली मीही हेच विचारलं असतं, आणि याहून फटकळपणे. ऑफिसमधली एक जण मुलासाठी राजीनामा देत होती तेव्हा मी तिला कॅन्टीनमध्ये लेक्चर दिलं होतं. मुलांना पंधरा दिवसांत सवय होते, आपल्यालाच होत नाही, असं काहीतरी. आजही ते वाक्य मला खोटं वाटत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका तमिळ मैत्रिणीची मुलगी त्याच पाळणाघरात होती, तीन आठवड्यांत रुळली, आता ती मैत्रीण टीम लीड आहे. तिने काही निष्ठुरपणा केला नाही. तिच्या मुलीने जॅकेट काढलं, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर जॅकेट हे कारण होतं की निमित्त, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या ऑफिसात बारा वाजता सगळे एका टेबलाशी ब्रेड-चीज खात बसायचे आणि हसायचे. मी कशावर हसतायत ते न कळता हसायचे. साइटवरून फोन आला की दुसऱ्या कुणालातरी द्यायचे. पुण्यात सेंट्रिंगवाल्यांशी भर उन्हात उभं राहून भांडणारी मी, इथे फोन वाजला की बाथरूमला जायचे. मुलीने जॅकेट काढून ठेवलं असतं तर मी टिकले असते का? कदाचित. पण तेव्हा मला एक असं कारण मिळालं ज्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, आणि ते मी घेतलं. त्याच वेळी ते कारण खरंही होतं. हे दोन्ही एकदम पटवून द्यायला गेलं की लोक त्यातलं त्यांना हवं तेवढं उचलतात.

मधली वर्षं भराभर सांगते. थोरल्याच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलं सांभाळायचं काम केलं, मानधनावर. पुण्यात याची बातमी ‘तिकडे डबे भरवते म्हणे’ अशी पोचली. कुणी काही म्हणा, माझी डच तिथेच सुधारली. ‘त्याने माझं सँडविच घेतलं’ या विषयावर रोज तासभर दोन्ही बाजू ऐकल्या की क्रियापदं आपोआप जागेवर बसतात. धाकटी चारची झाली आणि शाळेत गेली, तशी मी पुन्हा अर्ज सुरू केले. आता एका ऑफिसात आठवड्याला चोवीस तास रेव्हिट या सॉफ्टवेअरवर इमारतींची मॉडेल करते. डिझाइन दुसरा करतो, माझ्याहून वयाने बराच लहान. त्याचं रीइन्फोर्समेंट, म्हणजे काँक्रीटमधल्या सळ्या, कधी कधी जास्त असतं. मी सांगते. तो कधी ऐकतो.

पहिल्या मालकाने दिलेले ते दोन दिवस घेतले असते तर आज मी त्या मुलाच्या खुर्चीत असते, असं नवरा एकदा म्हणून गेला. चुकीचं बोलला नाही. तरी मला राग आला, अजून आहे. दोन दिवसांसाठी का होईना, सकाळी तिला त्या खोलीत सोडायला कोण जाणार, हे त्याच्या गणितात तेव्हाही नव्हतं.

धाकटीला जॅकेटचं विचारलं तर काहीच आठवत नाही म्हणते, डचमध्ये. यावरून माझा निर्णय बरोबर होता असं म्हणणारे भेटलेत, आणि यावरूनच तो अनावश्यक होता असं म्हणणारेही.

सध्याचं सांगायचं तर ऑफिसने चौथा दिवस घ्याल का विचारलंय. त्यांना हवाय बुधवार. नवरा म्हणतो, तू घे, बुधवारचं मी बघतो. त्याने अजून त्याच्या मॅनेजरला विचारलेलं नाही. मीही माझ्या ऑफिसला काही कळवलेलं नाही.