तक्रार बंद, नेटही बंद

मोडेमवरचा, नेट बंद असल्याचा तो लाल दिवा मी अकरा दिवस बघितला. पीक विम्याचे शेवटचे दिवस, सेलू तालुक्यातल्या गावात माझं ई-सेवा केंद्र, ओट्यावर सातबारा घेऊन बसलेली माणसं, आणि मी गच्चीवर मोबाईल वर धरून रेंज शोधतोय.

फायबर, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून उजेडावर चालणारं नेट, घेताना काहीच त्रास झाला नव्हता. दोन महिने नेट पळत होतं. मग नालीच्या कामावरच्या जेसीबीनं खांबावरची वायर ओढली. कंपनीच्या पोरानं नवी वायर टाकली, मोडेममध्ये खुपसायचं टोक बसवलं आणि गेला. दिवा लालच.

पहिली तक्रार केली. पोरगा आला, मोडेम बंद-चालू केला आणि म्हणाला, "दादा, ओटीपी सांगा, वरून लई प्रेशर आहे. उद्या येतो." मी सांगितला. इथंच चुकलो. ओटीपी गेला की त्यांच्या लेखी तुमचं नेट सुरू. दुसरी तक्रार कुणी न येताच बंद झाली, कारण लिहिलं होतं 'ग्राहक उपलब्ध नाही'. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत दुकानात बसलेला माणूस उपलब्ध नाही! तिसऱ्या वेळी मोडेमच बदलला. नव्या मोडेमवरही तोच दिवा, तर म्हणे हापण खराब निघाला. शेजारचे काका रोज विचारायचे, "बापू, भरला का रं आमचा फॉर्म?" आठव्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं, नुसते येऊन बसायचे. ते जास्त लागलं.

फोनवरच्या बाईंना मी दिव्याचा रंग सांगत राहिलो. सांगायला पाहिजे होतं ते वेगळंच: आलेल्या माणसाला पॉवर मीटर, म्हणजे तारेतून येणारा उजेड मोजायचं यंत्र, लावायला सांगा आणि आकडा विचारा. अकराव्या दिवशी परभणीहून एक वयस्कर स्प्लायसिंगवाले, म्हणजे काचेच्या तारा जोडणारे, मामा आले, त्यांनी आधी तेच केलं. मायनस ३१. मायनसपुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. आपल्याकडच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) मोडेमला साधारण मायनस २७ पर्यंतचा उजेड वाचता येतो, त्याच्या पुढं तो आंधळा. एका फायबरमधला उजेड ३२ घरांत वाटायचा म्हणजे उजेड वाटणाऱ्या स्प्लिटरमध्येच सुमारे १७ डीबी (उजेड किती घटला त्याचं माप) जातात, आणि दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो. मग शेवटच्या टोकाला उधळपट्टी परवडत नाही.

मामांनी टोक उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. निळं. मोडेमचं भोक हिरवं. हिरव्या टोकाची काच ८ अंश तिरकी घासलेली असते, निळ्याची जवळपास सरळ. दोन्ही एकमेकांना नीट टेकतच नाहीत, मधल्या फटीत उजेड वाया जातो. "पोराच्या पिशवीत हिरवं संपलं असंल," मामा एवढंच बोलले. दहा मिनिटांत टोक बदललं. मायनस २०. लाल दिवा विझला, शेजारचा हिरवा लुकलुकून स्थिर झाला.

हो, एक राहिलं. उपसलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. तो उजेड १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही पण आत जातो. आणि वायरला खिडकीपाशी कोपरा पाडून खिळा मारू देऊ नका, गोल वळण द्यायला सांगा. मी आता मोडेमच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा उजेडाचा आकडा रोज सकाळी वहीत लिहितो. घरचे हसतात.

जीपॉनमध्ये अडीच गिगाबिट सगळ्यांत मिळून वाटले जातात. आता म्हणे १० गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन येणार, याच वायरमधून, वेगळ्या तरंगलांबीवर. येऊ द्या. टोक बसवायला तेच पोरगं येणार आहे.

मामांनी जाताना ओटीपी मागितला. म्हटलं, बसा, चहा घ्या. काकांचा फॉर्म भरला, पावतीची प्रिंट त्यांच्या हातात दिली, मग सांगितला.